नकाशात आलेली जमीन

हिंगोली जिल्ह्यातलं, औंढा नागनाथ तालुक्यातलं सिद्धेश्वर हे गाव मराठवाड्याला माहीत आहे ते धरणामुळे. पूर्णा नदीवर वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर ही धरणांची जोडी १९६८ साली पुरी झाली, आणि वसमतपासून पुढे परभणी-नांदेडकडच्या शिवारापर्यंत कालव्याचं पाणी गेलं. लहान गावांच्या नगररचनेवरची पुस्तिका या गावाच्या नावानं सुरू व्हावी याचं काहींना नवल वाटेल. सिद्धेश्वरला नगरपालिका नाही, नगरपंचायतही नाही. ‘डीपी रोड’, ‘आरक्षण पडलं’, ‘यलो झोन’ ही भाषा तिथं पोचते ती औंढ्याला किंवा हिंगोलीला प्लॉट घेतलेल्या पाहुण्याच्या तोंडून. पण आपल्या जमिनीचं काय करायचं हे दुसऱ्या कुणीतरी कागदावर ओढलेली रेघ ठरवते, हा अनुभव या गावाला शहरांइतकाच जुना आहे. पुस्तिकेचा विषय तोच आहे, म्हणून सुरुवात इथून.

पहिली रेघ गावठाणाची. जुन्या मोजणीत वस्ती जेवढी होती तेवढ्याला गावठाण म्हणून हद्द पडली. पुढं घरं वाढली, भाऊ वेगळे झाले, गुरांच्या गोठ्याच्या जागी पोराची खोली आली, आणि वस्ती हद्द ओलांडून शेतात गेली. हद्दीच्या आत घर असेल तर ते ग्रामपंचायतीच्या नमुना आठवर दिसतं. हद्दीच्या बाहेर चार पावलांवर तसंच घर बांधलं, तर सातबाऱ्यावर ती जमीन शेतीचीच राहते आणि बँकेचा माणूस ‘एनए आहे का?’ विचारून कागद परत देतो. विटा तशाच, गवंडीही तोच, पण दोन घरांच्या किमतीत आणि कर्जाच्या पात्रतेत जमीन-अस्मानाचा फरक. आता ‘स्वामित्व’ योजनेत ड्रोननं गावठाणांची मोजणी होऊन घरमालकांना नकाशा आणि सनद मिळते. महाराष्ट्रात तिचा पहिला प्रयोग पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत झाला, आणि २४ एप्रिल २०२० रोजी ती देशभरासाठी जाहीर झाली. योजना चांगली आहे. शंभर वर्षं ज्या घराला तोंडी साक्षीशिवाय दुसरा आधार नव्हता त्याला कागद मिळतो. पण ती गावठाणापुरती. शेतात सरकलेली वस्ती ड्रोनच्या चित्रात दिसते, सनदेत येत नाही. महसूल अधिनियमात नंतर घातलेल्या ४२-ड कलमानं गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरपर्यंतच्या जमिनीला, रूपांतरण कर आणि इतर देणी भरून, निवासी वापराची वाट मोकळी केली आहे. ही वाट माहीत असलेले शेतकरी मला फार थोडे भेटले. प्लॉट पाडणाऱ्यांना मात्र ती तोंडपाठ आहे.

दुसरी रेघ संपादनाची. धरण म्हटलं की बुडीत क्षेत्र आलं, कालव्याची जागा आली, वसाहतीची जागा आली, आणि त्या सगळ्यांना हद्दीचे दगड आले. पुनर्वसनात मिळालेली जमीन बहुधा भोगवटादार वर्ग दोनची, म्हणजे कसायची, राहायची, पण परवानगीशिवाय विकायची नाही. त्यात मराठवाड्याची आपली खास भर आहे ती निजामी राजवटीच्या वारशाची. १९५०चा हैदराबाद कूळ कायदा आणि १९५४चा इनामे रद्द करणारा कायदा यांच्या खुणा आजही सातबाऱ्याच्या ‘इतर अधिकार’ रकान्यात बसलेल्या असतात. देवस्थान इनामाचा शेरा असलेल्या जमिनीवर झोन पिवळा, म्हणजे निवासी, पडला म्हणून ती विकाऊ होत नाही. झोन वापर सांगतो, सातबारा हक्क सांगतो; लहान गावातला मालक फसतो तो बहुतेक वेळा या दोहोंची गल्लत झाल्यामुळे.

तिसरी रेघ पुराची. पाटबंधारे खातं नदीकाठी निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतं. ढोबळमानानं निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांमधलं क्षेत्र बांधकामाला निषिद्ध, निळी आणि लाल यांमधलं नियंत्रित. धरणाच्या खालच्या अंगाला सांडव्यातून सुटणाऱ्या पाण्याचाही हिशेब धरावा लागतो. या रेषेबद्दल माझी तक्रार नाही. वरच्या दोन रेघा माणसांच्या सोयीच्या आहेत, ही पाण्याची आहे. तक्रार एवढीच, की काठावरच्या मालकाला ती कळते ती पाया खोदून झाल्यावर.

आता सिद्धेश्वरहून तालुक्याच्या गावी जाऊ. औंढा नागनाथ आणि सेनगाव ही काल-परवापर्यंत ग्रामपंचायतींची गावं. आता तिथं नगरपंचायती आहेत. पाटी बदलली की लोकांना आधी घरपट्टी वाढलेली दिसते. त्याहून मोठा बदल कुणी सांगत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यानुसार नगरपंचायत आपोआप ‘नियोजन प्राधिकरण’ बनते आणि ठरलेल्या मुदतीत विकास आराखडा करण्याची जबाबदारी तिच्यावर येते. कालपर्यंत ज्या सभागृहात पाण्याच्या टाकीवरून भांडण होत होतं, तिथं आता पुढच्या २० वर्षांत शाळा कुठं, बाजार कुठं, स्मशान कुठं आणि कुणाच्या शेतातून १८ मीटरचा रस्ता, हे ठरतं. औंढ्यासारख्या गावात तर ज्योतिर्लिंगाची यात्रा आहे. महाशिवरात्रीला येणारी गर्दी, वाहनतळ, मंदिराकडे जाणारे अरुंद बोळ, बोळातली पिढ्यान्‌पिढ्यांची घरं आणि दुकानं हे सगळं एका नकाशावर बसवायचं. नगरपंचायतीकडे त्यासाठी स्वतःचा नगररचनाकार नसतो. काम जिल्ह्याच्या किंवा विभागाच्या नगररचना कार्यालयातून होतं, आणि बऱ्याचदा नकाशा करणाऱ्यानं गाव पाहिलेलं असतं ते गाडीतून.

पॅट्रिक गेडिस हा स्कॉटिश विद्वान १९१४ साली हिंदुस्थानात आला. पुढं मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा विभाग त्यानं उभा केला. पट्टीनं सरळ रस्ते ओढून जुनी वस्ती पाडण्याला त्याचा कडाडून विरोध होता. आधी गल्ल्या पायी फिरा, कुठली भिंत काढली तर हवा खेळेल ते पाहा, आणि तेवढीच काढा, असं तो सांगे. आपल्या कायद्यातही आराखड्यापूर्वी ‘विद्यमान जमीन वापर नकाशा’ करण्याची सक्ती आहे ती याच विचाराच्या घरातली. हा नकाशा ज्या गावात नीट झाला त्या गावचा आराखडा फार चुकत नाही. जिथं तो उपग्रहाच्या चित्रावरून उरकला गेला, तिथं चालती गिरणी ‘मोकळी जागा’ ठरते.

मुंबई इलाख्यात नगररचनेचा पहिला कायदा १९१५चा, आणि विकास आराखडा सक्तीचा करणारा १९५४चा. मराठवाडा मुंबई राज्यात आला १९५६ साली. म्हणजे पुणे-अहमदाबादच्या मालकांना ज्या व्यवहाराची दोन-तीन पिढ्यांची सवय होती, तो इथं बराच उशिरा आला, आणि लहान गावांत तर आत्ता येतो आहे. हरकत कशी घ्यायची, सुनावणीला काय न्यायचं, हे सांगणारा वडीलधारा माणूसच या गावांत नाही.

आराखड्यानं मालकाचं नेमकं काय होतं, ते एका कल्पित उदाहरणानं सांगतो. समजा, गावाच्या कडेला तीन भावांची तीन एकर जमीन आहे. प्रारूप आराखड्यात थोरल्याच्या एकरावर पिवळा रंग आला, मधल्याच्या एकरावर क्रीडांगणाचं आरक्षण पडलं, धाकट्याचा एकर हिरव्या पट्ट्यात राहिला. थोरल्याकडे दुसऱ्या दिवसापासून माणसं येऊ लागतात. धाकटा हळद-सोयाबीन करत राहतो. त्याचं बिघडलं नाही, पण मनात सल राहतो. खरा अडकतो तो मधला. त्याची जमीन कुणी घेतलेली नसते. सातबारा त्याचाच, पीक त्याचंच. पण बांधायची परवानगी मिळत नाही, आरक्षित जमिनीवर कर्ज मिळत नाही, आणि गिऱ्हाईक आलंच तर निम्म्या भावानं मागतं. क्रीडांगण व्हायचं तर नगरपंचायतीनं जमीन विकत घ्यायला हवी. २०१३च्या भूसंपादन कायद्यानंतर मोबदला बऱ्यापैकी मिळतो, शंभर टक्के दिलासा रक्कमही मिळते, आणि नेमकी त्यामुळेच ती रक्कम लहान नगरपंचायतीच्या तिजोरीत कधी जमत नाही. मधला भाऊ थांबतो. मुलीचं लग्न याच जमिनीवर करायचं ठरलेलं असतं, तेही थांबतं किंवा सावकाराकडे जातं.

किती थांबायचं, याला १९६६च्या अधिनियमात उत्तर आहे. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर कलम १२७ खाली मालक प्राधिकरणाला सूचना देऊ शकतो. लोक तिला ‘खरेदी सूचना’ म्हणतात. सूचनेनंतर संपादनाची पावलं उचलायला पूर्वी सहा महिन्यांची मुदत होती. ती वाढत वाढत आता २४ महिन्यांवर आली आहे. तेवढ्यात काही झालं नाही तर आरक्षण व्यपगत होतं, जमीन मोकळी होते. ‘पावलं उचलणं’ म्हणजे काय, यावरून खटले सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. गिरनार ट्रेडर्स प्रकरणात २००७ साली न्यायालयानं म्हटलं, की नुसती पत्रापत्री किंवा सभेतला ठराव पुरेसा नाही; संपादनाची घोषणा व्हायला हवी. मालकांच्या दृष्टीनं हा निकाल मोठाच. तरी हिशेब करून पाहा. दहा वर्षं अधिक दोन वर्षं, त्याआधी आराखडा मंजूर होण्यात गेलेली वर्षं, त्यानंतर राजपत्रात अधिसूचना येईपर्यंतचे महिने. मधल्या भावाचा मुलगा तोवर पुण्याला कंपनीत लागलेला असतो.

आणि आरक्षण उठलं म्हणजे गावाचंही भलं झालं असं नाही. क्रीडांगण गेलं ते गेलं. मी मालकाच्या बाजूनं लिहितो आहे, पण ही बाजू घेताना एक गोष्ट विसरता येत नाही: गावाला मैदान हवं होतं, दवाखान्याची जागा हवी होती, आणि ती एकदा प्लॉटांखाली गेली की परत मिळत नाही. माझा आक्षेप आरक्षणाला नाही, ऐपतीबाहेरच्या आरक्षणाला आहे. दहा वर्षांत जेवढी जमीन विकत घेण्याची शक्यता आहे तेवढीच राखून ठेवावी. बाकीचं रंगकाम कागदावर सुंदर दिसतं. त्याची किंमत मात्र फक्त मधला भाऊ भरतो.

मोठ्या शहरांत या कोंडीवर विकासहक्क हस्तांतरणाचा, म्हणजे टीडीआरचा उतारा आहे. जमीन द्या, पैशाऐवजी बांधकामाचा हक्क घ्या, आणि तो बिल्डरला विका. नियमात तो लहान गावांनाही लागू आहे. पण औंढ्यात किंवा सेनगावात तो विकत घेणार कोण? जिथं जोत्यावर दोन मजले चढवायलाच लोक पैसे जोडत असतात, तिथं वाढीव मजल्यांचा हक्क कुणाच्या कामाचा? नियमावली आता एकच आहे. डिसेंबर २०२० मध्ये मुंबईसारखे काही अपवाद सोडून साऱ्या राज्याला एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. लहान भूखंडांची परवानगी तिनं सोपी केली, हे मान्य. पण ती लिहिताना डोळ्यांपुढं शहर होतं, हे पानोपानी जाणवतं.

जिथं परवडणारा कायदेशीर प्लॉट मिळत नाही, तिथं माणसं दुसरी वाट काढतात. एक-दोन गुंठे बॉण्डवर लिहून घ्यायचे, घर बांधायचं, वीज घ्यायची, पुढचं पुढं. तुकडेबंदी कायदा १९४७चा. २०२३च्या अधिसूचनेनंतर बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र आहे. त्याहून लहान तुकड्याची रजिस्ट्री अडते. २०२१ साली नोंदणी विभागानं परिपत्रक काढून ती बंदच केली, २०२२ साली उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ते परिपत्रक रद्द केलं, आणि तलाठ्याकडे फेरफार घेऊन जाणाऱ्याचा गोंधळ तसाच राहिला. गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा २००१चा. २०२१च्या दुरुस्तीनं तो ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना लागू झाला. राज्यकर्ते आधी नाही म्हणतात, मग दंड घेऊन हो म्हणतात, आणि मधल्या काळात प्रामाणिकपणे थांबलेला माणूस खुळा ठरतो.

हा प्रश्न आपल्याच नशिबी आहे असं समजू नये. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात युक्लिड नावाचं छोटं गाव होतं. १९२२ साली त्या गावानं जमिनीचे विभाग पाडणारा ठराव केला. अँबलर रिअल्टी या कंपनीची ६८ एकर जमीन होती, तिला कारखान्यांचा भाव येईल अशी अपेक्षा होती, आणि ठरावानं तिचा बराच भाग निवासी ठरवला. कंपनी न्यायालयात गेली आणि १९२६ साली सर्वोच्च न्यायालयात हरली. गावाला असे विभाग पाडण्याचा अधिकार आहे, असं त्या निकालानं मान्य केलं आणि पुढं सगळ्या अमेरिकेतल्या झोनिंगचा तो पाया झाला. गंमत अशी, की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याच जमिनीवर जनरल मोटर्सचा कारखाना आला. गाव जिंकलं, कंपनी हरली, आणि वीस वर्षांनी जमीन अखेर मालकाच्या पहिल्या अपेक्षेनुसारच वापरली गेली. मधल्या वीस वर्षांचा मोबदला कुठल्याच कायद्यात नव्हता.

आपल्याकडे लोकांनी आराखडा मागे घ्यायला लावल्याचं ठळक उदाहरण गोव्याचं आहे. ‘प्रादेशिक आराखडा २०११’ मध्ये डोंगर, शेतं, किनारे बांधकामाला खुले झाले आहेत हे लक्षात आल्यावर लोक रस्त्यावर उतरले, आणि २००७च्या सुरुवातीला सरकारला तो मागे घ्यावा लागला. तिथं गावागावात नकाशे वाचू शकणारी माणसं होती, म्हणून हे घडलं. त्याच्या उलट्या अंगाचं उदाहरण पुण्याजवळच्या मगरपट्ट्याचं. शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि नगर वसवलं. तिथं शहर वेशीवर आलं होतं, नेतृत्व होतं, बाजार होता. हिंगोलीत त्याची नक्कल होणार नाही. पण १९६६च्या अधिनियमातच नगररचना योजनेचं प्रकरण आहे. त्यात सगळ्यांच्या जमिनी एकत्र धरून, रस्ते-मैदानं काढून, उरलेले भूखंड प्रमाणात परत वाटले जातात. तीन भावांच्या उदाहरणात ही योजना आली असती तर क्रीडांगणाचा भार तिघांवर पडला असता. गुजरातनं ही पद्धत सातत्यानं वापरली. महाराष्ट्रानं कायदा ठेवला आणि सवय सोडली.

औंढा तालुक्यापुरतं आणखी एक सांगायला हवं. दुधाळा शिवारात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होणार आहे. तिला २०१६ साली तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह मंजुरी मिळाली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा असलेलं हे यंत्र इतकं हळवं असतं, की आसपासचा हादरा त्याला चालत नाही. असा प्रकल्प आला की एकीकडे जमिनीचे भाव चढतात, आणि दुसरीकडे खाणी, अवजड वाहतूक, कारखाने यांबाबत आजूबाजूचा जमीन वापर कसा असावा हा प्रश्न आज ना उद्या येतोच. तो येईल तेव्हा परिसरातल्या गावांना नकाशा वाचता येत असावा, एवढ्यासाठी तरी हे सगळं आजच शिकून घ्यायला हवं.

शेवटी तीस दिवसांबद्दल. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांसाठी कायदा तीस दिवस देतो. सूचना राजपत्रात येते, वर्तमानपत्रात बारीक टाइपात येते, आणि नगरपंचायतीच्या फलकावर लागते. याच तीस दिवसांत मालकाचं म्हणणं फुकटात ऐकलं जातं. नंतर तेच म्हणणं वकिलाकरवी मांडावं लागतं. हरकत आली की नियोजन समितीपुढं सुनावणी होते. या समितीत निवडून आलेले सदस्य असतात आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जाणकारही असतात. तिथं ‘आमच्यावर अन्याय झाला’ असं म्हणून भागत नाही. रस्ता माझ्या विहिरीवरून जातो आणि वीस मीटर अलीकडे सरकारी पांदण आहे, हे मोजणीच्या नकाशावर दाखवावं लागतं. शेजारच्यांनी मिळून एक हरकत घेतली तर तिचं वजन वेगळं. आणि ज्याला आराखडा आधीच कळला होता, ज्यानं प्रसिद्धीच्या सहा महिने आधी इसारपावती करून ठेवली होती, तो या सुनावणीला येतच नाही. त्याला गरज नसते.

पुढच्या पानांत कायद्याची कलमं अर्थासकट दिली आहेत, हरकतीचा आणि खरेदी सूचनेचा नमुना दिला आहे, आणि आराखड्याचा नकाशा गट नंबरवरून कसा वाचायचा ते आकृत्यांनी दाखवलं आहे. गावठाणाबाहेर घर असलेल्यांनी पहिलं प्रकरण वाचावं. ज्यांच्या जमिनीवर दहा वर्षांपूर्वी आरक्षण पडलं आहे त्यांनी थेट चौथ्याकडे जावं. आणि ज्यांच्या गावात प्रारूप आराखडा नुकताच फलकावर लागला आहे त्यांनी ही प्रस्तावना इथंच सोडून तिसरं प्रकरण उघडावं, आणि सातबारा, फेरफार, मोजणीचा नकाशा जवळ घेऊन बसावं.